मांडवीचा पूल आणि बेतीची तर

२०२३ साली पणजीतील अटल सेतू पृष्ठभागाच्या दुरुस्तीसाठी काही काळ वाहतुकीस बंद ठेवण्यात आला होता. शेजारचे दोन जुने पूल चालू असूनही पर्वरीपासून पणजीच्या बसस्थानकापर्यंत वाहनांच्या रांगा लागल्या. त्या दिवसांत एका सकाळी मला पणजीत काम होते. मी बेतीच्या धक्क्यावर उतरलो आणि फेरीबोटीने काही मिनिटांत पणजीत पोहोचलो. बोटीत एक तरुण उभा होता. त्याने कुतूहलाने विचारले, "काका, ही बोट रोज असते?" तो पर्वरीतच लहानाचा मोठा झालेला होता. त्याच्या प्रश्नाने मला हसू आले, आणि क्षणभराने वाईटही वाटले. कारण एकेकाळी हाच प्रश्न माझ्या पिढीलाही पडला होता, आणि त्याचे उत्तर आम्हाला फार कष्टाने मिळाले होते.

गोव्याबाहेरील वाचकांसाठी थोडा भूगोल सांगणे अवश्य आहे. पणजी मांडवीच्या दक्षिण तीरावर आहे, तर बार्देश, पेडणे आणि डिचोली हे तालुके उत्तरेस. पणजीसमोरचे बेती हे गाव नदीपात्राच्या अर्ध्या किलोमीटरइतक्याच अंतरावर आहे. परंतु हे अर्धे किलोमीटर शतकानुशतके फार मोठे होते. १६३२ ते १६३४ या काळात विसरई कोंद द लिन्यारिश याने पणजी ते रायबंदर हा तीनेक किलोमीटरचा दगडी बांध उभारला, तोदेखील नदीच्या एकाच तीराने. १८४३ साली पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला, तरीही मांडवीवर तेथे पूल झाला नाही. उत्तरेकडून राजधानीत येणाऱ्याने तरीनेच यावे, हा सव्वाशे वर्षांचा परिपाठ होता. आधी वल्ह्याच्या होड्या, नंतर यंत्रावर चालणाऱ्या लाँचेस, ज्यांना आमच्याकडे गासोलीन म्हणत, आणि पुढे मोटारी वाहून नेणाऱ्या सपाट फेरीबोटी असा हा क्रम आहे.

या अर्ध्या किलोमीटरचे महत्त्व १९६१ साली सैन्यालाही कळले. १८ डिसेंबरच्या सायंकाळी भारतीय सेनेची एक तुकडी बेतीस येऊन पोहोचली. समोर पणजी दिसत होती, प्रतिकार कोठेच नव्हता, पण मध्ये नदी होती आणि ती ओलांडण्याचे आदेश आलेले नव्हते. तुकडीने रात्र बेतीलाच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आदेश मिळताच दोन कंपन्या नदी पार करून पणजीत दाखल झाल्या. साडेचारशे वर्षांच्या राजवटीची अखेरची रात्र अशी मांडवीच्या काठावर गेली. माझे वडील त्या वेळी पणजीतील एका पेढीवर हिशेबनीस होते. त्या दोन दिवसांत तर बंद असल्याने ते घरी आले नाहीत, ही आठवण आमच्या घरात अनेकदा सांगितली जाई.

मुक्तीनंतर दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, १९७० च्या सुमारास, मांडवीवर पहिला पूल झाला. नेहरूंचे नाव त्याला देण्यात आले. या पुलाने उत्तर गोव्याचे जीवन किती बदलले, हे त्या पिढीलाच ठाऊक. म्हापशाचा माणूस सकाळी बसमध्ये बसून कचेरीत वेळेवर पोहोचू लागला. पर्वरीच्या पठारावर घरे उठू लागली. मुलींना पणजीच्या महाविद्यालयात पाठविण्यास आईवडील राजी होऊ लागले, कारण संध्याकाळची शेवटची तर चुकेल ही धास्ती उरली नाही. पुलाचे हे उपकार मी कधीही नाकारणार नाही.

परंतु पुलाने आणखी एक गोष्ट केली. त्याने आम्हाला नदी विसरायला लावली. माझ्या वडिलांना भरती-सुकतीच्या वेळा पंचांग न पाहता सांगता येत. सुकतीच्या वेळी धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा होतो, तेव्हा चपला हातात घ्याव्यात, पावसात बोटीच्या कोणत्या बाजूस उभे राहावे, वारा फिरला की किती उशीर गृहीत धरावा, हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. मला यातील काहीच येत नव्हते. मी लहानपणापासून पूलच पाहिला. मांडवी ही माझ्या दृष्टीने बसच्या खिडकीतून अर्धा मिनिट दिसणारी एक शोभा होती.

५ जुलै १९८६, शनिवार. ऐन पावसाळ्यात तो पूल कोसळला. बांधून पुरती सोळा-सतरा वर्षेही झाली नव्हती. काँक्रीटच्या पोटातील ताणलेल्या पोलादाला खाऱ्या हवेने गंज चढला होता, आणि वरून पाहणाऱ्याला तो दिसण्यासारखा नव्हता. बातमी गावात पोहोचली तेव्हा पुष्कळांनी ती खरी मानली नाही. मी सरकारी नोकरीत लागून दोन वर्षे होत होती. रविवारचा दिवस सारे गाव एकच चर्चा करीत होते : उद्या कसे जायचे?

वडील निवृत्त झालेले होते. रविवारी रात्री त्यांनी मला जवळ बोलाविले व म्हणाले, "उद्या साडेसहाला घर सोड. डबा पिशवीत नको, खांद्याच्या झोळीत घे. दोन्ही हात मोकळे हवेत. आणि परतताना दिवेलागणीची वाट पाहू नकोस."

"पण बाबा, कचेरी साडेनऊची आहे," मी म्हणालो.

"कचेरी साडेनऊची असेल. नदीची वेळ तुझ्या कचेरीने ठरविलेली नाही."

सोमवारी बेतीच्या उतारावर जे दृश्य पाहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. छत्र्यांचा एक काळा प्रवाह धक्क्याकडे उतरत होता. कारकून, शिक्षिका, विद्यार्थी, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया, पदेर, वकील, रुग्णाला धरून आणणारे नातलग, असे सारे त्या एका रांगेत होते. म्हापशाकडून येणाऱ्या बसगाड्या बेतीलाच रिकाम्या होत. फेरीबोट धक्क्याला लागण्याआधीच माणसे पुढे सरत. त्या पहिल्या दिवशी मी अकरा वाजता कचेरीत पोहोचलो. हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे तांबडी खूण झालेली होती. वरिष्ठ पणजीतच राहणारे होते, त्यांना बेतीचा उतार ठाऊक नव्हता. चार दिवसांनी त्यांना स्वतःच्या कामासाठी म्हापशास जावे लागले, आणि पुढील सोमवारपासून तांबड्या खुणा थांबल्या.

हळूहळू माणसांनी मार्ग काढले. ज्यांची सोय होती ते आठवडाभर पणजीतील नातलगांकडे राहू लागले. पणजीतील कित्येक घरांत त्या पावसाळ्यात दोन-तीन भाचे-पुतणे पथारी टाकून असत. काहींनी एक सायकल पणजीच्या धक्क्याजवळ ओळखीच्या दुकानात ठेवली आणि दुसरी बेतीच्या एखाद्या अंगणात. त्या अंगणाच्या मालकिणीने कोणाकडून एक पैसा घेतल्याचे मला आठवत नाही. वर्तमानपत्रांचे गठ्ठे पहाटेच्या पहिल्या बोटीने उत्तरेस येत, आणि शिक्षक ते वाचत वाचत दक्षिणेस जात. मालमोटारींना मात्र साखळी-फोंड्याकडून दूरचा वळसा घ्यावा लागे. त्याची किंमत शेवटी बाजारातील भाजी-किराण्यावर चढली.

आमच्या शेजारच्या घरात सून गरोदर होती. मोठे सरकारी रुग्णालय नदीच्या पलीकडे. वडिलांनी त्या घरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना सांगितले, "दिवस भरण्याच्या तीन आठवडे आधी तिला पणजीला तिच्या मावशीकडे नेऊन ठेवा. पूल नव्हता तेव्हा आपल्या आया हेच करीत." त्यांनी तसे केले. प्रसूती अपेक्षेपेक्षा दहा दिवस आधी, वादळी पावसाच्या रात्री झाली. त्या रात्री मांडवीवर बोट सुटली नसती. ते मूल आज चाळिशीकडे झुकले आहे.

त्या वर्षाची आणखी एक आठवण टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोव्यात राजभाषेचा वाद तेव्हा शिगेला पोहोचला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला हिंसक वळण लागले, आणि ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले. आमच्यासारख्या मराठीशी पिढ्यान्‌पिढ्या निष्ठा असलेल्या घरांत त्या दिवसांत मोठी कटुता होती, आणि समोरच्या घरांतही तेवढीच. तरीवर मात्र दोन्ही पक्षांचे लोक खांद्याला खांदा लावून उभे राहत. तेथे वाद होत नसत असे म्हणणे खोटे ठरेल. वाद होत, आवाजही चढत. परंतु भर नदीत एखाद्याला बोटीतून उतरवून देता येत नाही. ज्याच्याशी सकाळी भांडलो त्याच्याच छत्रीखाली संध्याकाळी उभे राहावे लागे. पुलावरून प्रत्येकजण आपापल्या वाहनाने गेला असता, तर हे घडले नसते.

पुढे तात्पुरत्या सोयी होत गेल्या, पण दुसरा पक्का पूल खुला व्हायला १९९२ साल उजाडले. त्याला जोडून आणखी एक पूल नव्वदीच्या दशकातच झाला आणि २०१९ साली अटल सेतू उभा राहिला. तिकडे जुवारी नदीवर १९८३ साली झालेल्या पुलालाही याच आजाराने ग्रासले, त्यावरून अवजड वाहने नेण्यास बंदी घालावी लागली आणि २०२२ व २०२३ या दोन वर्षांत तेथे नवा पूल टप्प्याटप्प्याने खुला झाला. समुद्रालगतच्या प्रदेशात लोखंडाचे आयुष्य मोजकेच असते. म्हणून पुलाची तपासणी आणि दुरुस्ती ही त्याच्या बांधणीइतकीच मोठी गोष्ट आहे. दुरुस्तीसाठी पूल चार आठवडे बंद राहिला तर आपण संतापतो. १९८६ चा पावसाळा ज्याने पाहिला तो संतापत नाही. वेळीच बंद ठेवलेला पूल पुन्हा उघडतो, हे त्याने अनुभवाने जाणलेले असते.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. ती आजवर कोठे लिहिलेली नाही.

नोकरीच्या मध्यावर मी एका कार्यालयात खर्चाच्या प्रस्तावांची छाननी करीत असे. एका नदीवर नवा पूल झाला होता, आणि त्याच्या बाजूच्या जुन्या तरीवर उतारू उरले नव्हते. धक्क्याची डागडुजी, खलाशांचे पगार, इंधन, हा सारा खर्च तोट्यात दिसत होता. तर बंद करण्याच्या नस्तीवर मी टिपण लिहिले : पूल झाल्याने या सेवेची आवश्यकता उरलेली नाही. वाक्य नियमानुसार होते, आकडे बरोबर होते. वरिष्ठांनी ते जसेच्या तसे मान्य केले. त्या संध्याकाळी सहज बोलता बोलता मी वडिलांना ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "आणि पूल आजारी पडला म्हणजे?"

काही वर्षांनी तो पूल दुरुस्तीसाठी खरोखरच बंद ठेवावा लागला. वडील तेव्हा हयात नव्हते. एका रविवारी मी तिथे गेलो. धक्क्याच्या पायऱ्यांत खारफुटी वाढली होती, बोट केव्हाच दुसरीकडे नेलेली होती, तांडेल निवृत्त होऊन गावी गेला होता. पलीकडच्या तीरावर शाळेची इमारत दिसत होती. नदी मांडवीपेक्षा पुष्कळ अरुंद, पण मुलांना मोठा वळसा घालून त्या शाळेत जावे लागत होते. माझे नाव त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्या टिपणाखाली सही माझी होती, हे मला ठाऊक होते.

तेव्हापासून मला असे वाटत आले आहे की, तरीचा खर्च हा तोटा मानू नये. घरात विजेचे दिवे आले तरी आपल्या आया समईतील तेल आटू देत नसत. तसाच हा खर्च आहे. धक्का साफ ठेवणे, एक बोट चालती ठेवणे आणि ती चालविणारा माणूस तयार ठेवणे एवढेच यात आहे. सुदैवाने बेतीची तर टिकली. म्हणूनच २०२३ साली माझ्यासारख्यांना रांगेत ताटकळावे लागले नाही.

त्या तरुणाला मी उत्तर दिले, "हो, रोज असते." त्याने वेळा विचारल्या, त्या मी सांगितल्या. बोट पणजीस लागली तेव्हा सुकती होती आणि उतार निसरडा होता. मी चपला हातात घेतल्या. त्याने माझ्याकडे पाहिले आणि आपले बूट काढले.