उंद्रीच्या रस्त्यावरची राखण

घाटावरच्या चिखली तालुक्यातले उंद्री हे खामगाव–चिखली रस्त्यावरचे गाव. रात्री भरलेला ट्रक दणाणत गेला किंवा लगीनसराईत डीजेचा ठोका घुमला, की अशा रस्त्यालगतच्या गावात दारापुढची एखादी कार आपणहून बोंबलू लागते. मालक खिडकीतून रिमोट दाबतो, रिमोट ढिम्म. आळी जागी होते, पण चोर आला असेल अशी शंका कुणालाही येत नाही. सगळे फक्त आवाज थांबायची वाट पाहतात.

गाडीची राखण या मुलखाला नवी नाही. १८७० साली जलंब–खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी जातीने खामगावला आले होते. आसपासच्या काळ्या जमिनीतला कापूस बैलगाड्यांतून खामगावच्या बाजाराकडे जाई. त्या गाडीला कुलूप कुठले? मुक्काम पडला की गाडीवान मालावरच अंग टाकी.

गावात राखणीला जागल्या असे. इकडे वऱ्हाडात हे काम बहुतेक महार समाजाच्या गळ्यात पिढीजात बांधलेले होते, तर देशावर अनेक ठिकाणी रामोशांच्या. चोरी झाली की माग काढायचा त्यांनीच, आणि माग शिवेबाहेर गेल्याचे दाखवता आले नाही तर कित्येक ठिकाणी भरपाईही त्यांच्याच माथी बसे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात गावच्या या चाकरांबद्दल बरेच वाचायला मिळते. ती व्यवस्था अन्यायाचीच होती, तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण मालक कोण आणि चोर कोण, हे जागल्याला काळोखात चाहुलीवरूनही कळे. पुढे आलेल्या यंत्रांना नेमके हेच जमले नाही.

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. कुलपे घरांच्या दारांना आणि तिजोऱ्यांना लागली, मोटारींची कथा मात्र वेगळी. दुसऱ्या महायुद्धातल्या पुष्कळ विलीस जीपना किल्लीच नव्हती. साधा खटका फिरवला की इंजिन सुरू व्हायला तयार. रणधुमाळीत किल्ली शोधत बसायला सवड कुणाला? पुढे विलीस जीपची जुळणी महिंद्रने मुंबईत सुरू केली. ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळापर्यंत किल्ली आली होती, तरी ती निव्वळ लोखंडाचा दातेरी तुकडा होती. कुलपातल्या पत्र्या झिजल्या की दुसऱ्याची किल्लीही फिरे. हरवली तर बाजाराच्या तोंडाशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलेला चावीवाला कानशीने घासून हातोहात नवी देई. महाराष्ट्रभर हा धंदा करणाऱ्यांत शिकलगार समाजाची माणसे पुष्कळ. त्यांचे पूर्वज शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचा व्यवहार आटला तसे त्यांचे कसब कानशीकडे वळले.

मग किल्लीत सेल शिरला. १९८२ साली फ्रान्समध्ये रेनो कंपनीच्या फुएगो गाडीला दुरून दार उघडणारा रिमोट मिळाला. पॉल लिपशुट्झ हा त्याचा जनक, म्हणून फ्रेंच लोक त्याला ‘प्लिप’ म्हणतात. तो टीव्हीच्या रिमोटप्रमाणे अवरक्त किरणांवर चाले. पुढे त्या किरणांची जागा रेडिओलहरींनी घेतली, भारतात साधारण ४३३ मेगाहर्ट्झवरच्या. सुरुवातीचे रेडिओ रिमोट दर वेळी एकच संकेत पाठवत, तो हवेतून टिपला की चोराचे काम झाले. त्यावर तोड म्हणून बटणाच्या दर दाबाला बदलणारा संकेत आला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली ‘कीलॉक’ ही पद्धत १९९५ साली मायक्रोचिप या अमेरिकी कंपनीने १ कोटी डॉलरला विकत घेतली आणि ती अनेक कंपन्यांच्या गाड्यांत पसरली.

या पद्धतीची एक गंमत आहे. रिमोट आणि गाडी दोघेही संकेतांची मोजणी ठेवतात. पोर घरात खेळता खेळता बटण दाबत राहिले की रिमोटची मोजणी पुढे पळते, गाडी मागे राहते. कीलॉकमध्ये १६ संकेतांपर्यंतचा फरक गाडी मुकाट्याने चालवून घेते. त्यापुढे लागोपाठ दोन संकेत नीट मिळाल्याशिवाय ओळख देत नाही. तेव्हा ‘रिमोट गेला’ म्हणून आलेला प्रत्येक रिमोट गेलेला नसतो.

नव्वदीच्या दशकात मारुती ८०० ज्यांच्या दारी आली, त्यांनी बाजारातून सेंट्रल लॉक आणि सायरन वेगळे बसवून घेतले. ऑटोकॉपसारखी नावे तेव्हा घरोघरी पोहोचली. एकामागून एक सहा सूर बदलणारा तो भोंगा, आतला धक्का ओळखणारा सेन्सर, बॉनेटखालचा छोटा खटका. यांतला सेन्सर जास्त नाजूक लावला की ट्रकही चोर ठरतो आणि मेघगर्जनाही. बॉनेटच्या खटक्यात धूळ किंवा गंज बसला, मुख्य बॅटरी उतरली, तरी सायरनला निमित्त पुरते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांप्रमाणे असा भोंगा एका वेळी २५ ते ३० सेकंद वाजावा आणि २ मीटरवर किमान १०० डेसिबल भरावा. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मध्यरात्रीच्या गावात हे दोन आकडे एकमेकांसमोर उभे ठाकतात, आणि बहुतेक वेळा निकाल मालकच लावतो, सायरनची वायर उपटून.

वायर उपटली तरी नंतरच्या गाड्या उघड्या पडत नाहीत. युरोपात १९९०च्या दशकाअखेर सक्तीचा झालेला आणि हळूहळू इथल्या गाड्यांतही रुळलेला इमोबिलायझर इंजिन अडवून धरतो. त्याची चिप, पुष्कळदा काचेच्या नळीतली, किल्लीच्या मुठीत असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून तिला शक्ती मिळते. म्हणूनच सेल संपलेल्या किल्लीनेही गाडी सुरू होते. दार मात्र लोखंडी पात्याने उघडावे लागते, तसे उघडताच बऱ्याच गाड्या कोकलतात, आणि किल्ली इग्निशनमध्ये फिरवली की मुकाट होतात. आपल्याच गाडीपुढे असे चोरासारखे उभे राहायची वेळ भल्याभल्यांवर येते.

रिमोट फुटला की चावीवाल्याच्या कानशीचे काही चालत नाही. बटणाचे रबर फाटलेले असेल तर नवे कव्हर पुरते. खटक्याचा टाका निखळला असेल तर मोबाईल रिपेअरिंगवालाही तो डागून देतो. सेल बहुधा सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळणारा. चिपच हरवली तर मात्र कोडिंगसाठी शोरूम किंवा यंत्र बाळगणारा चावीवाला गाठावा लागतो, आणि खेड्यातल्या माणसाचा दिवस त्यात जातो.

कव्हर बदलताना जुन्या मुठीतली ती चिप काढून नव्या मुठीत बसवावी लागते. घाईत ती जुन्या कव्हरासोबत कचऱ्यात जाते आणि सगळी बटणे चालणाऱ्या किल्लीने गाडी सुरू होत नाही. दुसरी किल्लीही जपावी लागते: गाडी चोरीला गेली आणि विम्याचा दावा लावला, तर विमा कंपन्या मूळ दोन्ही किल्ल्या मागतात. फुटका, मुका, सेल नसलेला रिमोटसुद्धा त्यात मोजला जातो.