माळढोक व रानपिंगळा

माळढोक व रानपिंगळा : महाराष्ट्रातील दोन दुर्मिळ पक्षी. माळढोक (आर्डिओटिस नायग्रिसेप्स) ओटिडिफॉर्मीस गणातील, तर रानपिंगळा (अथीनी ब्लेविटाय) घुबडांच्या स्ट्रिजिफॉर्मीस गणातील आहे. त्यांचे परस्परांशी नाते दूरचे असून अधिवासही भिन्न आहेत. तथापि त्यांचा इतिहास एकत्र पाहणे बोधप्रद ठरते. नष्ट झाला असे मानलेला पक्षी पुन्हा सापडला आणि सर्वपरिचित पक्षी मात्र डोळ्यांदेखत नाहीसा होत गेला.

रानपिंगळ्याचे वर्णन ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेल्या नमुन्यानंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचे सांगितलेला रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा नमुना चोरीचा व खोट्या नोंदीचा असल्याचे पुढे सिद्ध झाले. त्या नोंदीने शोधाची दिशाही चुकविली. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पॅमेला रॅसमुसन व सहकाऱ्यांना हा पक्षी शहाद्याजवळ दिसला. त्यानंतर तो मेळघाट, तानसा इ. ठिकाणी आढळला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. ही सुधारणा मुख्यतः नवी ठिकाणे कळल्यामुळे झाली. सागाच्या विरळ, शुष्क वनांची तोड व अतिक्रमण हे धोके कायम आहेत.

माळढोक सु. १ मी. उंच असून नराचे वजन १५ किग्रॅ.पर्यंत भरते. पूर्वी तो दख्खनच्या माळरानांवर सर्वत्र होता. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने त्याच्या शिकारीस बंदी घातली. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत सु. ८,४९६ चौ. किमी.चे अभयारण्य घोषित झाले. परंतु त्यात बहुतांश खाजगी शेतजमीन आल्याने व व्यवहारांवर निर्बंध पडल्याने स्थानिकांत असंतोष वाढला. पुढे त्याचे क्षेत्र १,२२२ चौ. किमी.पर्यंत घटविण्यात आले. दरम्यान माळरान ‘पडीक’ समजून त्याचे सिंचित शेतीत रूपांतर झाले. वनीकरण, भटकी कुत्री व विजेच्या तारा यांची भर पडली. २०११ पासून हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात असून २०१८ मधील अंदाजानुसार जगात सु. दीडशेच उरले होते. त्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला तुरळकच दिसतात.

माळढोकाची मादी वर्षातून बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते, म्हणून एका प्रौढ पक्ष्याच्या मृत्यूची भरपाई लवकर होत नाही. जैसलमेर येथे २०१९ पासून बंदिस्त प्रजनन सुरू आहे. तथापि तेथील पिले सोडण्यास माळरानच उरले नाही, तर हा प्रयत्न अपुरा ठरेल. रानपिंगळ्याचे झाड ‘वन’ म्हणून गणले गेले. माळढोकाच्या गवताला तसा दर्जा मिळाला नाही, हा दोघांच्या भवितव्यातील मुख्य भेद होय.