धवलगिरीचें अग्रपद

पर्वत अचल असतो. त्याची कीर्ति मात्र अचल नसते. धवलगिरीचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो. नेपाळांत काळी गंडकी नदीच्या पश्चिमेस हा हिमाच्छादित पर्वत उभा आहे, आणि नदीपलीकडे अन्नपूर्णेची रांग आहे. महाराष्ट्रांतील अनेक देव्हाऱ्यांत ज्यांची पूजा होते, ते शाळिग्राम याच नदीच्या पात्रांत सांपडतात. आज जगांतील उंच शिखरांत धवलगिरीचा क्रम सातवा लागतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुमारें तीस वर्षें तो हिमालयाचा, किंबहुना साऱ्या पृथ्वीचा मुकुटमणि गणला जात होता.

तत्पूर्वीं हा मान दक्षिण अमेरिकेंतील चिंबोराझो पर्वताकडे होता. त्याची उंची सुमारें साडेवीस हजार फूट. १८०२ सालीं हुंबोल्ट या जर्मन पंडितानें त्याच्यावर बरीच मजल मारली, तेव्हांपासून त्याची ख्याति युरोपभर पसरली. याहून उंच पर्वत जगांत असेल, असें तेथील विद्वानांच्या स्वप्नींही नव्हतें.

वेब्ब हा बंगालच्या लष्करांतील एक तरुण अधिकारी. १८०८ सालीं गंगेच्या उगमाचा शोध घेण्याची कामगिरी त्याच्याकडे आली. त्याच सुमारास त्यानें धवलगिरीची उंची मोजण्याचेंही मनावर घेतलें. परंतु नेपाळची हद्द परकीयांस बंद होती. पर्वताच्या पायथ्याशीं जाणें अशक्य. तेव्हां दूरच्या मैदानांत निरनिराळ्या ठिकाणीं यंत्र मांडून त्यानें शिखराचे कोन घेतले, आणि त्रिकोणमितीच्या आधारें उंची काढली. ती आली २६,८६२ फूट. १८१६ सालीं संस्कृताचे गाढे पंडित हेन्री टॉमस कोलब्रूक यांनीं एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत हिमालयाच्या उंचीवर निबंध लिहून हा आंकडा विद्वानांपुढें ठेवला.

युरोपांत त्यावर विश्वास बसेना. ही शंका केवळ अहंकाराची होती असें म्हणतां येणार नाहीं. शंभर मैलांवरून शिखर पाहतांना कोनांत एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली, तरी उंचींत सुमारें दीडशें फुटांचा फरक पडतो. शिवाय दूरवरून येणारा प्रकाशकिरण हवेंतून वांकून येतो, आणि शिखर आहे त्याहून उंच भासतें. त्याकरितां किती वजावट धरावी, हें त्या काळीं नीट ठरलेलें नव्हतें. जेथें यंत्र मांडलें, तें मैदान तरी समुद्रसपाटीपासून किती उंच, हाही प्रश्न होताच. एका सैनिकानें परमुलखाच्या सीमेबाहेरून घेतलेल्या मापासाठीं चिंबोराझोला पदच्युत करण्यास पंडित तयार नव्हते. पण पुढें हिमालयांतील आणखी मापें येत गेलीं, तशी शंका ओसरली आणि धवलगिरी अग्रस्थानीं बसला.

हें पदही टिकाऊ नव्हतें. १८०२ सालीं मद्रासजवळ लॅंब्टननें त्रिकोणमितीच्या मोजणीचें महत्कार्य आरंभिलें होतें. १८२३ सालीं वऱ्हाडाच्या शेजारीं हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. त्याची कबरही तेथेंच आहे. एव्हरेस्टनें ती मोजणी उत्तरेस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. दरम्यान अग्रमान कांचनगंगेकडे गेला, आणि १८४७ सालीं वॉ यानें दार्जिलिंगहून घेतलेल्या कोनांवरून तिची उंची २८ हजार फुटांवर भरली. पण तेव्हांच तिच्या पश्चिमेस आणखी एक दूरचें शिखर मोजणीदारांच्या नजरेंत आलें होतें. पुढें त्याला ‘पंधरावें शिखर’ एवढेंच नांव मिळालें. त्याच्या गणितांत राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञांचा मोठा वाटा होता. १८५६ सालीं त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. १८६५ सालीं त्या शिखरास एव्हरेस्टचें नांव कायम झालें. सिकदरांचें नांव पुष्कळ काळ थोड्याच लोकांना ठाऊक राहिलें.

मग वेब्बचे श्रम वायां गेले काय? आधुनिक मोजणीप्रमाणें धवलगिरीची उंची ८,१६७ मीटर, म्हणजे सुमारें २६,७९५ फूट भरते. ज्या आंकड्याची युरोपांत थट्टा झाली, त्यांत चूक निघाली ती अवघ्या ६७ फुटांची! भिन्न दिशांच्या कांहीं चुकांनीं एकमेकींस छेद दिला असेल; तरीही बंद सीमेबाहेर उभें राहून साध्या साधनांनीं घेतलेलें हें माप नवलाचेंच. चुकलें तें माप नव्हे. चुकलें तें त्यावरून काढलेलें अनुमान. एक पर्वत मोजला, तो ज्ञात पर्वतांहून उंच निघाला. त्यावरून तो सर्वांत उंच ठरत नाहीं. जे मोजलेच नाहींत, ते मध्यें उभेच असतात.

अग्रपद गेलें म्हणून धवलगिरीचा दरारा कमी झाला नाहीं. १९५० सालीं फ्रेंच गिर्यारोहकांनीं त्याची पाहणी केली आणि त्याचा नाद सोडून ते अन्नपूर्णेच्या माथ्यावर चढले. धवलगिरीवर मनुष्याचें पाऊल पडलें तें १९६० च्या मे महिन्यांत. म्हणजे एव्हरेस्ट सर झाल्यानंतर सात वर्षांनीं. क्रमांक हे मनुष्यानें लावलेले. ते नव्या मोजणीबरोबर बदलतात. प्रामाणिकपणें घेतलेलें माप मात्र पुढच्या मोजणीच्या कामास येतें.