मॉरिशस : उसाच्या बेटाची ओळख

बेट म्हटले म्हणजे निळा समुद्र, शुभ्र वाळू आणि माडांची रांग आपल्या मनापुढे उभी राहते. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर हे सर्व विपुल आहे, आणि पुण्यामुंबईची अनेक कुटुंबे अलीकडे तेथे हवापालटासाठी जातात. परंतु या भूमीशी आपले आप्तसंबंधही आहेत. ते कसे जडले, हे आज सांगावयाचे योजिले आहे.

मुंबईपासून सुमारे ४,७०० किलोमीटरवरील हे बेट ज्वालामुखीतून निर्माण झाले. त्याचा विस्तार सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या बीड जिल्ह्याचा जेमतेम सहावा हिस्सा. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे. किनाऱ्याभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळांचा बांध असल्याने लाटा बाहेरच फुटतात आणि आतील पाणी तळ्यासारखे शांत राहते. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील उन्हाळा. वादळे याच काळात येतात, हे प्रवाशाने ध्यानी ठेवावे.

या बेटावर मूळची मनुष्यवस्ती नव्हती. १५९८ मध्ये डच आले, आणि शतक संपण्यापूर्वीच डोडो नावाचा उडता न येणारा पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला. डचांनीच १६३९ मध्ये जावा बेटातून येथे ऊस आणला. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले, आणि मादागास्कर व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून रान तोडवून शेती वाढविली. नैर्ऋत्येकडील ल मॉर्न हा डोंगर पळून गेलेल्या गुलामांचा आश्रय होता. पुढे १८१० मध्ये इंग्रजांचा अंमल झाला.

१८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मग ऊस कोणी तोडावा? मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर आले. त्यानंतरच्या पाऊणशे-ऐंशी वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे करारपत्रावर अंगठा उठवून या बेटावर उतरली. त्या करारालाच लोक ‘गिरमिट’ म्हणू लागले. मराठी मजूर मुंबई बंदरातून निघाले. त्यांत रत्नागिरीकडील पुष्कळ होते. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापावे, असा तेथील दंडक होता.

इतके सोसूनही त्यांनी देव आणि भाषा सोडली नाही. आज बेटावर सर्वांची बोली क्रिओल आहे. तरीही मराठी शाळांतून शिकविली जाते, कोकणातील जाखडी नृत्य टिकून आहे आणि गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. मजुरांची नातवंडे मतदार झाली, शिक्षक झाली, मंत्री झाली.

हा सारा वृत्तान्त आम्हां नांदूरघाटकरांस परका वाटत नाही. दसरा-दिवाळी आली की केज तालुक्यातून ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. खाडा पडला तर दंड भरावा लागतो. पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते, आणि वर्गातील रिकाम्या जागा मी पुष्कळ वर्षे पाहिल्या आहेत. मॉरिशसला गिरमिट अखेर इतिहासजमा झाले. उचलीचा फास मात्र आमच्याकडे अद्याप सुटलेला नाही.

म्हणून प्रवाशांना एवढीच विनंती, की समुद्रस्नान झाल्यावर पोर्ट लुई शहरातील आप्रवासी घाटावर अवश्य जावे. जागतिक वारसास्थळांच्या यादीत २००६ मध्ये त्याची नोंद झाली. तेथे दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला मजूर त्या चढूनच बेटात शिरे. त्या पायऱ्या सावकाश चढाव्यात. आणि परत आल्यावर, रस्त्यात उसतोड्यांनी भरलेली गाडी दिसली तर ती कोठून निघाली व तिच्यातील मुले कोणत्या इयत्तेत होती, हे एकदा विचारावे.