विधी स्वयंसेवक : बारामती व इंदापूर तालुके

विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेली, वकील नसलेली, परंतु कायद्याचे प्राथमिक प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती म्हणजे विधी स्वयंसेवक. गरजू माणसाला योग्य कार्यालयापर्यंत पोहोचवणे आणि त्याचा अर्ज, कागद व मुदत सांभाळणे हे तिचे काम. न्यायालयाच्या आवारात तिला ‘पीएलव्ही’ म्हणतात. ‘पॅरा लीगल व्हॉलंटिअर’ हे पूर्ण नाव फलकावर असते, बोलण्यात क्वचितच येते. प्रस्तुत नोंद पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांपुरती आहे. विधी, समाजकार्य व गुन्हेगारी न्याय हे विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल एवढा तपशील तीत मुद्दाम दिला आहे.

कायद्याची चौकट : राज्यघटनेत ४२व्या दुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याच्या हक्काची जडणघडण ज्या निकालांनी झाली, त्यांपैकी दोन महाराष्ट्रातले आहेत : होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) आणि मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या हालांवरून उभा राहिलेला शीला बारसे खटला (१९८३). अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, हा दंडक दुसऱ्या निकालातला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली संमत झाला, पण अमलात आला तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. राष्ट्रीय प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना २००९ साली आखली. तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती असते आणि तेथील सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. बारामती व इंदापूर येथील समित्या पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात.

स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे खुद्द लाभार्थ्यांनाच ठाऊक नसते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतला किंवा वालचंदनगरच्या कारखान्यातला कामगार ‘माझा पगार बसत नाही’ असे गृहीत धरून परत फिरतो.

पार्श्वभूमी : कागदाने माणूस कसा नाडला जातो, याचा इतिहास याच मुलखात घडला आहे. मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची व आकारणीची गोल्डस्मिड-विंगेट पद्धत प्रथम लागू झाली ती इंदापूर तालुक्यात, १८३६ साली. त्याआधीची इंग्रज अधिकारी प्रिंगल याची आकारणी भरमसाट ठरून गावे ओस पडू लागली होती. पुढे सारा स्थिर झाला, जमिनीला किंमत आली आणि ती तारण म्हणून सावकाराच्या खातेवहीत गेली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी व आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उठावाची ही सुरुवात. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्याकडच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे मिळाले की ते जाळले जात.

१८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा याच उठावाचे फलित. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणे त्याने बंद केले, रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयांना दिली, आणि शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा अशी तजवीज केली. दाव्याआधी तडजोड घडवून आणणारे मध्यस्थही त्यात होते. न्यायमूर्ती रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून याच कायद्याखालील कामकाज पाहिले. लोकअदालत व विधी स्वयंसेवक या कल्पना परदेशातून आल्या असे सरसकट समजणाऱ्यांनी हा कायदा एकदा चाळावा. तो पुढे पुरता यशस्वी झाला नाही, ही गोष्ट निराळी.

कामाचे स्वरूप : दोन्ही तालुके उसाचे. नीरा डावा कालवा, माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगरचे कारखाने, उजनीच्या पाण्याखाली गेलेली इंदापूरची गावे, आणि भिगवण-इंदापूरवरून जाणारा पुणे-सोलापूर महामार्ग : वादांची जातकुळी यांवरूनच ठरते. बांध, वाटप, पाण्याची पाळी, धनादेश न वटणे, अपघाताची भरपाई.

यांपैकी शेतरस्त्याचा वाद जवळून पाहण्यासारखा आहे. तोडणी तोंडावर येते आणि शेजारी वहिवाटीच्या रस्त्यावर नांगर घालतो किंवा चर खोदतो. ट्रॅक्टर आत येईना, तेव्हा शेतकरी सरळ पोलीस ठाण्यात जातो. तिथे शिवीगाळीची अदखलपात्र नोंद, म्हणजे ‘एनसी’, होते आणि ‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा’ असे सांगितले जाते. गावात बैठका होतात, पाहुणे मध्ये पडतात, हंगाम निघून जातो. खरा दरवाजा तहसील कचेरीत असतो. असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३. हे दोन अर्ज एकमेकांत मिसळले की वर्षे वाया जातात. सहा महिन्यांची तारीख पहिल्याच भेटीत कागदावर लिहून देणारा स्वयंसेवक त्या शेतकऱ्याला, प्रस्तुत लेखकाच्या मते, पुढे लागणाऱ्या कोणत्याही नामांकित वकिलाइतकाच उपयोगी ठरतो.

वाटपाच्या दाव्यात बहिणी मागे राहतात त्या बहुधा खर्चाच्या भीतीने. मालमत्ता, पोटगी, घटस्फोट व हिंसाचार यांसंबंधीच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. राज्य शासनाची ही अधिसूचना १ ऑक्टोबर १९९४ ची आहे. तसेच सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ पासून माफ आहे. तरीही जातीच्या वा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी विद्यार्थी मुद्रांक विक्रेत्याच्या टपरीसमोर रांग लावतात.

लोकअदालतीच्या आधीचे दिवस स्वयंसेवकांच्या धावपळीचे. थकीत घरपट्टी-पाणीपट्टीपोटी ग्रामपंचायतीची किंवा थकीत कर्जापोटी बँकेची दाखलपूर्व नोटीस येते. न्यायालयाचा शिक्का पाहून घरातले घाबरतात; काहींना ते अटकेचे वॉरंट वाटते. ती नुसती तडजोडीची हाक आहे, हे शांतपणे समजावून सांगणे हे एक काम. दुसरे याहून जोखमीचे : लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसते, हे सही करण्यापूर्वी सांगणे. निकाली प्रकरणांचा आकडा वाढावा असा ताण त्या दिवशी सर्वांवर असतो, म्हणून हे वाक्य कुणीतरी आवर्जून उच्चारावे लागते.

गावोगावच्या तंटामुक्त समित्यांशी (मोहिमेचा प्रारंभ १५ ऑगस्ट २००७) संबंध सलोख्याचा ठेवावा, पण सीमा ओळखावी. बांधाचा वाद समितीत मिटला तर उत्तमच. विवाहितेचा छळ किंवा अल्पवयीन मुलीवरचा अत्याचार ‘गावातच मिटवू’ म्हणणाऱ्या बैठकीत स्वयंसेवकाने बसू नये. संरक्षण अधिकारी व पोलीस ठाणे हीच अशा प्रकरणांची ठिकाणे.

फौजदारी बाजू : बारामती शहर, बारामती तालुका, माळेगाव, वडगाव निंबाळकर, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर ही पोलीस ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत. सत्र न्यायालयात चालणाऱ्या खटल्यांसाठी बारामतीत अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायालय आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे नवे तीन फौजदारी कायदे लागू झाले. विद्यार्थ्यांना जुनी व नवी अशी दोन्ही कलमे पाठ असावी लागतात, कारण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले भारतीय दंडसंहितेखालीच चालू आहेत. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८. लोकांच्या तोंडी मात्र ‘चारशेवीस’ कायम आहे आणि तो तसाच राहील. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्यादीला प्रथम खबरीची प्रत मोफत मिळते, हद्दीची सबब सांगून तक्रार नाकारता येत नाही, आणि तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला वा पीडिताला कळवायची असते (कलम १९३).

कोठडीतल्या माणसाचे घोडे अडते ते जामीनदाराशी. ऊसतोडीसाठी बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या मजुराला इथे जामीन राहणार कोण, आणि ऐपतीचा दाखला आणणार कुठून? जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी निर्धन आहे असे मानून त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ४७८ मध्ये आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याच्या सुटकेसाठी कलम ४७९ लागू पडते. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असणाऱ्यांना ते लागू नाही. ही तरतूद त्या कैद्याच्या कानी घालणे स्वयंसेवकाला जमते. अर्ज वकिलानेच चालवायचा. अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे न्यायालयात बाजू मांडण्याचा अधिकार स्वयंसेवकाला नाही, आणि पक्षकाराकडून पैसे घेणे तर वर्ज्यच.

विद्यार्थ्यांसाठी : बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे वसंतराव पवार विधी महाविद्यालय आहे, आणि विधी महाविद्यालयांना विधी साहाय्य केंद्र चालवावेच लागते. विधी शाखेबाहेरच्यांना इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पॅरालीगल व्यवसायातील पदविका घेता येते. अमेरिकेत ‘पॅरालीगल’ हा कम्युनिटी कॉलेजात शिकवला जाणारा पगारी पेशा आहे. आपल्याकडे त्या नावाची नोकरी तालुक्याला नाही. ते काम पूर्वापार वकिलांचे कारकून करत आले आहेत, आणि नक्कल कुठे मिळते, पुरसीस कशी द्यायची, बेलीफ कधी निघतो हे त्यांच्याइतके कुणी शिकवू शकत नाही. पदविकेच्या जोडीला कारकुनाजवळ एक उन्हाळी सुट्टी काढावी, ही शिफारस बिनदिक्कत करता येईल.

पगारी वाटा वेगळ्या आहेत. न्यायालयातील कनिष्ठ लिपिकासाठी पदवीबरोबर मराठी ३० व इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टंकलेखन लागते. पोलीस शिपाई बारावीनंतर होता येते. पोलीस पाटील हे पद दहावी उत्तीर्ण स्थानिक रहिवाशाला २५ ते ४५ या वयात मिळू शकते आणि नेमणूक प्रांत करतात. सहायक सरकारी वकिलाची परीक्षा लोकसेवा आयोगाची.

नेमणूक : जिल्हा प्राधिकरण वेळोवेळी अर्ज मागवते, शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटातील महिला, समाजकार्य व विधीचे विद्यार्थी यांतून मुलाखतीने निवड होते, मग प्रशिक्षण व ओळखपत्र. मानधन काम केलेल्या दिवसापुरते असते. त्यावर घर चालत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. राजकीय पक्षात सक्रिय असणाऱ्याचे नाव यादीतून काढता येते, आणि साखर कारखान्यापासून सोसायटीपर्यंत प्रत्येक निवडणुकीत गट पडणाऱ्या या दोन तालुक्यांत ही अट सर्वांत अवघड. विधी शाखेच्या विद्यार्थ्याला सनद मिळून त्याची वकील म्हणून नोंद झाली की त्याचे स्वयंसेवकपद संपते. पुढे तो समितीच्या पॅनेलवरील वकील म्हणून अर्ज करू शकतो. विधी सेवांचा राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे.