पंधरा ते पन्नास : गाडी क्लासिक कधी होते?

भारतात मोटारगाडीच्या आयुष्यात कायद्याने दोन आकडे ठरवून दिले आहेत. पहिला १५. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मग ती आरटीओत न्यायची, फिटनेस तपासून घ्यायचा, शुल्क भरायचं आणि पुढची पाच वर्षं मिळवायची. एप्रिल २०२२ मध्ये कारसाठीचं हे शुल्क ६०० रुपयांवरून थेट ५,००० झालं. महाराष्ट्रात वर पर्यावरण करही आहे. दुसरा आकडा ५०. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनाची व्याख्या केली: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो.

म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी भंगाराच्या रांगेत आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधल्या पस्तीस वर्षांत ती कायद्याच्या लेखी नुसतीच जुनी गाडी असते. पाच-पाच वर्षांच्या हिशेबाने मालकाला सात वेळा ठरवावं लागतं, की हिला ठेवायचं की काढायचं.

आजची कोणती वेगवान गाडी उद्याची क्लासिक ठरेल, यावर मित्रांच्या ग्रुपात रात्री दोनपर्यंत वाद चालतात. कुणी अश्वशक्तीचे आकडे टाकतं, कुणी शून्य ते शंभरची वेळ. मला वाटतं, हा निकाल शोरूममध्ये लागतच नाही. तो या पस्तीस वर्षांत लागतो, आणि तो लावणारे लोक फार वेगळे असतात.

मी गंगाखेडचा. आमच्याकडे गाडी म्हणजे बोलेरो, स्कॉर्पिओ आणि उसाच्या हंगामात रस्ता अडवणारा ट्रॅक्टर. पण ज्या गाडीमुळे मला या विषयाचं वेड लागलं, ती आमच्या मराठवाड्यातच तयार झाली. गंगाखेडपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, औरंगाबादजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत (शहर आता छत्रपती संभाजीनगर), २००१ मध्ये स्कोडाने कारखाना सुरू केला आणि तिथे ऑक्टेव्हियाची जुळणी होऊ लागली. २००४ मध्ये तिची आरएस आवृत्ती आली: १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. युरोपातल्या आरएसला १८० होती. तरी त्या काळी भारतात टर्बो म्हटलं की डिझेलच डोळ्यांपुढे यायचं. अशा बाजारात चार दारांची, घरच्यांना बसवून लग्नाला नेता येईल अशी टर्बो पेट्रोल गाडी ही नवलाईच होती.

अशी गाडी क्लासिक होईल का? पहिलं उत्तर लोक देतात ते दुर्मिळतेचं. फेरारी २५० जीटीओ फक्त ३६ बनल्या. त्यातली एक २०१८ च्या लिलावात ४.८४ कोटी डॉलरला गेली. म्हणून कंपन्या आता दुर्मिळता आधीच छापून विकतात. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये पोलो जीटीआय आणली, ती भारतासाठी फक्त ९९. ऑक्टेव्हिया आरएस २४५ आली २०२० मध्ये, फक्त २००.

पण नुसतं कमी असणं पुरत नाही. गोव्यात सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी बनवली. फायबरचं अंग, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. थोड्याच बनल्या. आज पंचविशीतल्या किती जणांनी तिचं नाव ऐकलंय, तुमच्याच मित्रांना विचारून बघा. कमी असणाऱ्या वस्तूची कुणाला तरी ओढ असावी लागते. तसं नसेल तर ती फक्त कमी असते.

नुसत्या किमतीनेही भागत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. देशभर बातमी झाली. आमच्याकडे आजही तो किस्सा अभिमानाने सांगतात. पण तो किस्सा दीडशे या आकड्याचा आहे. त्यातल्या एकाही गाडीचा नाही.

ओढ कशी तयार होते, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या सचिनचं आहे. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये फियाटतर्फे त्याला फेरारी ३६० मोडेना मिळाली, तीही मायकेल शूमाकरच्या हातून. पुढे तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वाद झाला आणि शेवटी ते शुल्क फियाटने भरलं. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. आणि २०२० मध्ये एका मुलाखतीत सचिनने लोकांना आवाहन केलं, की माझी पहिली गाडी कुणाकडे असेल तर कळवा, मला ती परत हवी आहे. ती होती मारुती ८००.

फेरारी संग्रहात जाईलच, तिची काळजी घ्यायला जगभर माणसं आहेत. पण माणूस शोधत फिरतो ते त्याच्या विशीतल्या गाडीला. साधारण वीस-पंचवीस वर्षांनी, हातात पैसे आल्यावर, पिढी आपली पोरवयातली भिंतीवरची गाडी विकत घ्यायला निघते. यामाहा आरएक्स १०० ला जे झालं ते हेच. ऑक्टेव्हिया आरएसला आणि फियाट पॅलिओ १.६ ला ते होऊ शकतं, कारण २००४ मधली आठवी-दहावीतली पोरं आता पस्तिशीत आली आहेत.

पण तोवर गाडी उरायला हवी. इथे पॅलिओच्या आधीच्या पिढीकडे बघावं लागतं. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. घरगुती पद्मिनी मात्र अजून दिसतात, आणि त्याचं श्रेय त्या टॅक्सींना आहे. हजारो टॅक्सी दशकानुदशकं धावल्या, म्हणून तिचे भाग गल्लीत मिळत राहिले आणि तिचं इंजिन डोळे मिटून उघडणारे मिस्त्री तयार झाले. कार्ब्युरेटर बिघडला तर तो उघडून बघता येतो. कचरा अडकला असेल तर दिसतो.

२००० नंतरच्या गाडीचं दुखणं असं दिसत नाही. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे हा भाग मला जास्त छळतो. ऑक्टेव्हिया आरएसमध्ये इंधन किती, ठिणगी कधी, टर्बोचा दाब किती, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. पुढे २०१३ मध्ये चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय आली, तिचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्सही कॉम्प्युटरच चालवतो. पत्रा ठोकून सरळ करता येतो, पिस्टन कुणीतरी बनवून देईल. पण जळालेल्या कंट्रोल युनिटमधल्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड गल्लीत मिळत नाही.

याचा जगातला सगळ्यात मजेशीर पुरावा मॅकलारेन एफ-१. १९९२ ची गाडी, एकूण १०६ बनल्या, आणि २०२१ मध्ये एक दोन कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली. २०१६ मध्ये बाहेर आलं, की या गाड्यांच्या देखभालीसाठी कंपनीला नव्वदच्या दशकातले कॉम्पॅकचे लॅपटॉप सांभाळून ठेवावे लागतात. गाडीशी बोलणारं खास कार्ड त्याच लॅपटॉपमध्ये चालतं. कोट्यवधींची गाडी एका डबडा लॅपटॉपच्या भरवशावर! जपानमध्ये निस्सानने २०१७ पासून जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले. तिथे मालकांच्या मागे कंपनी उभी राहिली.

आपल्याकडे तशी वाट बघण्यात अर्थ नाही. म्हणून जी आरएस उरेल, ती तिच्या मालकाच्या आणि मिस्त्रीच्या हट्टामुळे. गंगाखेडमध्ये माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. शिक्षण बेताचं, पण ब्लूटूथचं स्कॅनर मोबाइलला जोडून एरर कोड वाचतात आणि मग कोडवर विश्वास न ठेवता वायरिंग हाताने तपासतात. “कोड फक्त कुठं दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते सांगत नाही,” असं ते म्हणतात. सॉफ्टवेअरमधल्या बग्जबद्दल इतकं नेमकं वाक्य मला ऑफिसातही ऐकायला मिळालेलं नाही.

आणखी एक पेच आहे. ज्यांना या गाड्या खऱ्या आवडल्या, त्यांनीच त्या बदलल्या. आरएसचं इंजिन १५० वर अडवून ठेवलेलं, म्हणून हौशी पोरांनी तिचा प्रोग्रॅम बदलून ती मोकळी केली, मोठे सायलेन्सर बसवले. त्यांचं प्रेम कमी नव्हतं. पण नियम मूळ रूप मागतो, आणि संग्राहकही तेच मागतो. त्यामुळे ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांनी काढलेला प्रत्येक भाग खोक्यात घालून ठेवावा. दुसरी किल्ली, सर्व्हिस बुक, बिलं सांभाळावीत. आणि कंट्रोल युनिटमधल्या मूळ प्रोग्रॅमची प्रत आजच काढून दोन ठिकाणी ठेवावी. आरसी बुकइतकाच तो गाडीचा दस्तऐवज आहे.

२००४ मध्ये नोंदलेल्या आरएसची पहिली मुदत २०१९ मध्ये संपली, दुसरी २०२४ मध्ये. व्हिंटेज व्हायला तिला २०५४ उजाडेल. तोवर अजून पाच वेळा आरटीओ. मराठवाड्यात बनलेल्या या गाडीसाठी इथे अजून संग्रहालय नाही, आणि होईल तेव्हा आत ठेवायला गाडी शिल्लक लागेल. ती आत्ता कुठल्यातरी शेडमध्ये कडब्याशेजारी उभी असेल. तिच्या मालकाला भंगारवाला येऊन भाव विचारून गेला असेल. त्याच्याआधी कुणीतरी तिथे पोचायला हवं.