पंधरा रुपयांचा शिपाई

पारोळा तालुक्यातून वाहत आलेली बोरी पुढे अमळनेरच्या तटाला खेटून जाते. 1818 च्या नोव्हेंबरात हा तट इंग्रजांविरुद्ध धरून बसला होता अली जमादार, आणि त्याची माणसं होती अरब. पेशवा दुसरा बाजीराव जूनमध्येच शरण जाऊन बसला होता. मग समुद्रापलीकडची ही माणसं खानदेशात कुणासाठी लढत होती?

परमुलखी शिपायाची ओढ आपल्याकडे जुनी. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी 1761 मध्ये पानिपतावर शेवटपर्यंत हटला नाही. बाराच वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, गारद्यांनीच, म्हणजे अशाच कवायती भाडोत्री शिपायांनी, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना कापलं. तरीही मागणी घटली नाही. गावच्या शिपायाला वतन असतं, भाऊबंदकी असते, पेरणीला घरी जायचं असतं. परका फक्त पगाराला बांधलेला. दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेत मराठ्याला महिना 6 रुपये, तर अरबाला 15. अरबस्तानातल्या हदरमौतच्या कोरड्या खोऱ्यांतून आलेल्याला ते 15 रुपये काय वाटत असतील! बडोद्यात तर गायकवाडांच्या करारांना अरब जमादारच जामीन राहत. कुणाचाच सोयरा नाही, म्हणून त्याच्या शब्दावर भरवसा.

पण पगार थकला की हाच भरवसा उलटायचा. शरण जाऊन निघालेल्या बाजीरावाच्या तंबूला त्याच्याच अरबांनी बाकीसाठी वेढा घातला. त्याला सोडवायला इंग्रज सेनानी माल्कम यावा लागला. खानदेशात तर हे शिपाई सावकारही झाले होते. ज्याच्या हाती बंदूक त्याच्याच वहीत आपलं कर्ज, हे कुणब्याच्या दारात काय असेल, याचा विचार केला की त्यांच्या शौर्याचं कौतुक तिथेच अडखळतं.

शौर्य मात्र खरंच होतं. त्याच 1818 मध्ये मालेगावचा किल्ला मूठभर अरबांनी महिनाभर झुंजवला; इंग्रजांची दोनशेवर माणसं पडली-जखमी झाली. 11 जूनला दारूखाना उडाला, तटाची भिंत खंदकात कोसळली, तेव्हा बोलणी सुरू झाली. अरबांनी अट घातली, लेखी द्या. मराठी कागद तयार झाला, आणि त्यात कारकुनाकडून असे शब्द पडले की अरबांच्या हिताचं असेल तेच करायला इंग्रज सरकार बांधलं गेलं. इंग्रजांचा कमिशनर एल्फिन्स्टन याने तो शब्द पाळला. आयुष्यभर तोंडी हुकुमावर लढलेल्या माणसांना शेवटी एका मराठी कागदाने तारलं.

फ्रान्सची प्रसिद्ध परदेशी पलटण उभी राहिली ती पुढे 1831 मध्ये. तोवर खानदेशात वारं उलट्या दिशेने वाहू लागलं होतं. अरबांना देशाबाहेर घालवल्यावर, 1825 मध्ये आऊट्रॅम या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्याच भिल्लांची पलटण उभारायला घेतली. तिचं ठाणं पारोळ्याच्या शेजारी, धरणगावला. या शिपायांना सातपुड्याची एकेक वाट ठाऊक होती, आणि ज्यांना पकडायला त्यांना पाठवलं जाई, त्यांतले कितीतरी त्यांच्याच पाड्यांवरचे होते.